एबरहार्ट माउटेची सरकती टेकडी

एबरहार्ट माउटेच्या गाडीला आमच्या गावात कुणी गाडी म्हणत नसे. 'सरकती टेकडी' म्हणत. समुद्राकाठी वाळूच्या टेकड्या वाऱ्याने वर्षाकाठी चार हात सरकतात, त्यातलीच एक वाट चुकून आपल्या श्वाबियाच्या, म्हणजे दक्षिण जर्मनीच्या, डोंगरात आलीय, असं शाळेतले मास्तर एकदा म्हणाले आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. एबरहार्टला त्याचा राग नव्हता. "टेकडी बिघडलेली बघितलीय का कुणी?" एवढंच तो विचारायचा, आणि मास्तरांची नवीकोरी पेट्रोलची गाडी त्या आठवड्यातही गॅरेजात असल्यामुळे मास्तर विषय बदलायचे.

गाडी डिझेलची होती, आणि त्या काळची डिझेल म्हणजे काय चीज होती ते आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. रॉयटलिंगन शहरातल्या एका टॅक्सीवाल्याने भरपूर दामटून झाल्यावर ती विकायला काढली, तेव्हा एबरहार्टने घेतली. तो गावातल्या विणकाम गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. यंत्र हळू चाललं तर चालेल, पण चाललं पाहिजे, हा त्याचा धर्म. गाडी त्याच्या धर्माची निघाली. सपाटीला रडतखडत पळायची, घाटाला लागली की दुसऱ्या गियरमध्ये कण्हत चढायची, आणि मागे लागलेल्या गाड्यांची रांग वरून पाहिली तर वाटावं, कुणा मोठ्या माणसाची अंत्ययात्राच निघालीय.

एकदा मात्र त्याने एका ट्रॅक्टरला मागे टाकायचं मनावर घेतलं. घाटाच्या खालच्या वळणावर तो हेरमानच्या ट्रॅक्टरच्या बरोबरीला आला आणि वरच्या वळणापर्यंत बरोबरीलाच राहिला. आता शेजारी शेजारी चाललोच आहोत तर मुकाट कसं राहायचं? दोघांनी काचेतून ओरडून ओरडून गप्पा मारल्या. गवत कसं आलंय, बटाट्याला कीड कुठली लागलीय, हेरमानच्या थोरल्याचं कुठे जुळतंय का, सगळं झालं, निम्मं ऐकूच आलं नाही तरी. मग हेरमानचं शेत आलं आणि तो डावीकडे वळला. "टाकला मागे!" असं एबरहार्ट मरेपर्यंत सांगत होता. हेरमान म्हणायचा, "शेत आलं नसतं तर आम्ही अजून तिथेच असतो."

पण खरी गंमत गाडी चालू करण्याची. किल्ली फिरवली की झालं, असला थिल्लरपणा त्या गाडीत नव्हता. आधी एक खटका अर्धा ओढून धरायचा. मग समोरच्या पट्टीवर एका भोकात बारीक तार दिसायची, ती हळूहळू तापून लाल व्हायची. ती लालबुंद होईतो थांबायचं आणि मग खटका पुरता ओढायचा. घाई केली की इंजिन नुसतं खोकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता आमच्याकडची माणसं बायबलवाली. वेळ फुकट घालवणं हे पाप. एबरहार्टने त्यावर तोड काढली. तार तापेपर्यंत तो 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायचा. उन्हाळ्यात एक प्रार्थना पुरायची. हिवाळ्यात तिच्यामागे 'विश्वासाचा अंगीकार' हा चर्चमधला लांबलचक पाठ अख्खा जोडावा लागायचा. आणि प्रार्थना म्हटली की गाडीत बसलेल्याने तोंड उघडायचं नाही, हे ओघाने आलंच. पाद्रीबुवा म्हणायचे, "माझ्या चर्चमधल्यापेक्षा जास्त प्रार्थना तर त्या टेकडीत होते."

एकदा एका चोराने गाडी पळवायचा प्रयत्न केला. सकाळी पाहिलं तर दार उघडं, सीट मागे सरकवलेली, खाली सिगरेटची थोटकं, आणि गाडी जागच्या जागी. एबरहार्टची छाती फुगली. "त्याला प्रार्थना येत नव्हती," तो म्हणाला.

पाउलिना बित्सर या गोष्टीत आली ती हिवाळ्यामुळे. थंडी कडक पडली की डिझेल इंजिनाच्या नळ्यांत गोठून जेलीसारखं व्हायचं. मग इंजिनाखाली निखाऱ्यांची परात सरकवायची. निखारे मिळायचे गावाच्या भट्टीवर, जिथे बायका आपापली कणीक घेऊन यायच्या आणि पाउलिना सगळ्यांचे पाव भाजून द्यायची. तिचा नवरा रशियाच्या लढाईवर गेला तो आलाच नाही. तेव्हापासून भट्टी तिची आणि तोंडही तिचंच. अख्ख्या गावाला ती फैलावर घ्यायची. कणीक सैल आहे, पोरं मोकाट आहेत, पाद्री लांबण लावतो. कोणतंही काम करताना ती इतकी घाईत असायची की तिच्या पायात पाय अडकून आम्हीच पडायचो.

एबरहार्ट परात घेऊन पहिल्यांदा गेला तेव्हा ती म्हणाली, "ही गाडी आहे का पाव? भाजतोस कसली?"

त्याची बायको छातीच्या दुखण्याने गेल्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. त्या सकाळी तो घरी परतला तो हसत हसत, आणि परातीतले निम्मे निखारे वाटेत सांडले तरी त्याला पत्ता नव्हता.

त्यानंतर दर शनिवारी पाउलिना त्याच्या गाडीतून घाट उतरून खालच्या बाजारगावी जायला लागली. जाताना शिव्या, येताना शिव्या. "अरे मेल्या, ती गोगलगाय पुढे गेली बघ!" "उतरून ढकलू का?" "अंडी घेतली होती, घरी पोहोचेतो कोंबड्या होतील!" पाउलिनाचा आवाज इंजिनाच्याही वर चढायचा, आणि बिचारा एबरहार्ट ऐकून घ्यायचा. आता आमच्याकडे कौतुकाची रीतच न्यारी. जेवण कितीही चांगलं झालं तरी 'छान' म्हणायचं नाही. शिवी दिली नाही म्हणजेच कौतुक झालं, एवढ्यावर आमच्या लोकांचे संसार पन्नास पन्नास वर्षं चालतात. मग जी बाई आठवड्याच्या आठवड्याला शिव्या घालते, तिच्या मनात आपल्याबद्दल काही असेल, असं त्याला वाटावं तरी कसं? अख्ख्या गावाला दिसत होतं. काखेत कळसा घेऊन हा गावभर फिरत होता, तोही दुसऱ्या गियरमध्ये.

त्याला विचारायचं होतं. कधीचं विचारायचं होतं. पण विचारणार केव्हा? भट्टीवर तर सदा बायकांची गर्दी. इंजिन एकदा सुरू झालं की असा खडखडाट, जणू पिंपात कुणी गोटे घुसळतंय. त्यात एबरहार्टच्या तोंडचं प्रेमाचं काय, आग लागल्याचंही ऐकू यायचं नाही. इंजिन सुरू होण्याआधी शांतता असायची, पण ती देवाच्या नावाची. प्रार्थनेच्या मध्येच 'माझ्याशी लग्न करतेस का' म्हणायचं? आणि वाटेत इंजिन बंद करणं तर डिझेलवाल्याला महापाप. एकदा घरून निघाली की परत घरी येईपर्यंत ती बंद करायची नाही. त्यात एबरहार्टची बॅटरी म्हातारी, दिवसातून एकदाच काय तो जोर करायची. पण चालतेय ती बॅटरी फेकायची म्हणजे काय, लाज नाही का? म्हणून बाजारात पाउलिनाची खरेदी चालायची तोवर टेकडी बाहेर खडखडत उभी असायची.

अशात गावात पाववाल्याची मोटार फिरायला लागली आणि भट्टीकडे कुणी फिरकेना. पाउलिनाच्या भाचीने हॅम्बुर्गहून बोलावणं धाडलं: मावशी, इकडेच ये, खोली रिकामी आहे. पाउलिनाने ट्रंक भरली आणि एबरहार्टला निरोप दिला, शनिवारी मला बाजारात नको, स्टेशनावर सोड.

शनिवारी एबरहार्टने लग्नातला कोट घातला. ट्रंक मागे चढवली. पाउलिना शेजारी बसली, मांडीवर पर्स, ओठ आवळलेले. त्याने खटका अर्धा ओढला. आज देवाने माफ करावं, आज प्रार्थनेच्या जागी बोलूनच टाकायचं, असं त्याने रात्रभर घोकलं होतं. पण तोंड उघडलं आणि सवयीने बाहेर पडलं, "हे आमच्या स्वर्गातील बापा." पाउलिनाने डोळे मिटले. आता मध्येच कसं थांबणार? 'आमेन' आलं, तार लाल झाली, हाताने आपोआप खटका ओढला आणि खडखडाट सुरू. संपलं!

घाट लागला. खाली स्टेशनाचं छप्पर दिसायला लागलं. शेवटी पहिल्या वळणावर तो ओरडला, "पाउलिना, जाऊ नकोस!"

"गाऊ नकोस?" पाउलिना भडकली. "तोंड मिटून बसलेय मी! गातंय कोण?"

दुसऱ्या वळणावर त्याने पुन्हा बळ एकवटलं. "राहा माझ्याकडे!"

"पहा माझ्याकडे? या वयात? तू रस्त्याकडे पहा आधी, दरीत घालशील!"

एबरहार्टच्या कपाळावर घाम आला. उन्हाचा नव्हे, मरणाचा. तिसऱ्या वळणावर दगडी कुंपणाशी थोडी जागा आहे. तिथे त्याने गाडी घेतली, थांबवली, आणि बंद करायचा खटका बाहेर ओढला.

इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप्प झालं. कधी नव्हे ते घाटात पाखरं ऐकू आली.

पाउलिनाने आधी त्या खटक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बंद केलीस," ती म्हणाली.

"हो."

"आता ही परत चालू होणार नाही."

"उतारावर सोडली तर होईल," एबरहार्ट म्हणाला. "पण उतार स्टेशनाकडे जातो. घर वर आहे." आणि मग एकदाचं ते सगळं बाहेर पडलं, उलटंसुलटं, शेंडा ना बुडखा. घर मोठं आहे, मागच्या अंगणात भट्टी बांधता येईल, विटा गिरणीतून मिळतील, हॅम्बुर्गला म्हणे सतत वारा असतो, तू गेलीस तर शनिवारी मी काय करायचं, मला शिव्या कोण घालणार, माझ्याशी लग्न कर.

"किती वर्षं झाली रे तुझ्या गाडीत बसतेय मी?" पाउलिनाने विचारलं.

"बरीच."

"आणि पोस्टाची बस भट्टीच्या दारात थांबते. झटक्यात खाली, झटक्यात वर. तुला कधी प्रश्न पडला नाही, ही बाई त्या बसमध्ये का बसत नाही?"

एबरहार्टला खरंच पडला नव्हता. यंत्राचं प्रत्येक दुखणं ओळखणारा माणूस, पण इथे डोकं ठप्प.

"गाढवा," पाउलिना म्हणाली आणि पर्समधून रुमाल काढून नाक शिंकरलं. पण हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. आता हो धरायचं की नाही, हे विचारायला एबरहार्टने तोंड उघडलं, तेवढ्यात वरून पोस्टाची पिवळी बस वळण घेऊन आली आणि शेजारी येऊन थांबली. शनिवारची बस, गच्च भरलेली. झाडून सगळं गाव खिडक्यांना नाक लावून बसलेलं.

ड्रायव्हर फ्रिडोलिनने काच खाली केली. "एबरहार्टकाका, टेकडी बंद पडली? जन्मात पहिल्यांदा बघतोय!"

"पडली नाही," एबरहार्ट म्हणाला. "केली."

मागे कुणीतरी कुणालातरी कोपराने ढोसलं. मग फ्रिडोलिनला कामाची आठवण झाली. "पाउलिनामावशी, चला लवकर, ट्रंक इकडे द्या! हॅम्बुर्गची गाडी सुटेल तुमची. मी अगदी वेळेत पोहोचवतो, आहे काय त्यात!"

एबरहार्टने स्टिअरिंगवरचे हात काढले. तिला उतरायचं असेल तर ट्रंक काढून द्यायला हवी, म्हणून दाराच्या कडीला हात घातला. खिडकीतल्या एका म्हातारीने मोठ्याने विचारलं, "अगं, येतेस का नाही? खोळंबा होतोय!"

पाउलिनाने तिच्या बाजूची काच हळूच खाली केली. अगदी हळूच, जणू अख्खा दिवस तिचाच होता.

"तू जा पुढे, फ्रिडोलिन," ती म्हणाली. "मला घाई नाही."

फ्रिडोलिनने डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि मग गियर टाकला.