ब्रेकच्या पेडलला लावलेलं पॉलिश

ही गोष्ट मी बारा वर्षं कुणाला सांगितली नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. बोलण्यात घाटाचा विषय निघाला की मी पाणी प्यायला म्हणून उठून जायचो. आता पंचाहत्तरी जवळ आली आहे आणि मी केलेल्या चुकीचा दोष अजून दुसऱ्याच माणसावर आहे. म्हणून लिहितो आहे.

गगनबावडा रस्त्याला, फुलेवाडीच्या पुढं, माझं गाड्या धुण्याचं आणि पॉलिशचं छोटं दुकान होतं. उन्हानं पांढरे पडलेले बंपर, दारांची रबरं, आरशांची प्लॅस्टिकं पुन्हा काळीभोर करण्यात माझा हात बसलेला. आधी साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन खाचांतला मळ काढायचा, पुरतं वाळू द्यायचं, मग स्पंजनं सिलिकॉनचं पॉलिश पातळ फिरवायचं. ब्रेक-क्लचच्या पेडलांना मात्र ते कधी लावायचं नाही, हे या कामात पहिल्याच दिवशी शिकवतात. रबर चमकतं, पण त्यावर पाय ठरत नाही. मला हे चांगलं माहीत होतं.

त्या खंडेनवमीला सकाळीच दुकानासमोर पूजेसाठी सजवायच्या गाड्यांची रांग लागली होती. पहिली गाडी मामांची; सगळी गिऱ्हाइकं त्यांना मामाच म्हणत. ते गडमुडशिंगीचे, एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. तीस वर्षं घाटात एस.टी. चालवली आणि एक ओरखडा नाही, हे ते भेटेल त्याला ऐकवत. पूजा करून मामा-मामी कोकणात लेकीकडं दसऱ्याला निघणार होते.

"खंडेनवमी हाय मिस्त्री," मामा म्हणाले, "एक बी जागा पांढरी दिसाय नको."

"लगीन गाडीचं हाय का तुमचं?" मामींनी टोला हाणला.

मी हसत हसत आत वाकलो. पायाशी ब्रेकचं पेडल दिसलं, राखाडी पडलेलं. देवापुढं ठेवायची वस्तू, तिचा एवढाच भाग कळकट का ठेवायचा, असं मनात आलं. हातात पॉलिशचा स्पंज होताच. एक हात फिरवला. नुसता एक. मग शेजारच्या पेडलांवर, आणि त्याच भरात मागच्या गाडीच्याही पेडलांवर.

हार घालून, नारळ फोडून मामा निघून गेले. अर्ध्या तासानं ती मागची गाडी सावलीत घ्यायला मी आत बसलो. गाड्या धुऊन माझ्या चपला ओल्या झाल्या होत्या. ब्रेक दाबला आणि पाय सर्रकन बाजूला गेला. गाडी समोरच्या पिंपावर आदळली. रांगेतली माणसं हसली. "मिस्त्री, पूजेआधीच नारळ फोडला की!" कुणीतरी ओरडलं.

मामांच्या पेडलवरही तेच पॉलिश होतं. मामा अजून घाटाच्या बरेच अलीकडं असणार होते. खिशात फोन होता, फोनमध्ये त्यांचा नंबर होता. 'मामा, थांबा, पेडल पुसून घ्या,' एवढंच म्हणायचं होतं. पण भोवती सहा गिऱ्हाइकं उभी होती, सणाचा दिवस होता, सगळ्यांनी ऐकलं असतं. रांग सरल्यावर फोन करू, असं मनाशी म्हणालो. रबर पुसत होतो आणि नजर सारखी फोनकडं जात होती. तास झाला. मग दुकानामागं जाऊन फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. रेंजच्या बाहेर. अकरा वेळा लावला. दर वेळी तीच बाई तेच सांगत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढं घाटातलं एकेक वळण येत होतं.

दुपारी बातमी आली. गगनबावड्यात चहाला थांबून, चिखलातून येऊन मामा गाडीत बसले होते. पुढं खाली उतरणाऱ्या घाटात धुकं होतं. तिसऱ्या वळणावर ब्रेकवरून पाय निसटला आणि गाडी कठड्यावर गेली. कठडा टिकला. मामांना खरचटलंही नाही, मामींचा पाय मांडीत मोडला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी आधी दवाखान्यात गेलो नाही. गाडी आणून ठेवली होती त्या गॅरेजात गेलो, खिशात थिनरची बाटली आणि फडकं घेऊन.

"काय मिस्त्री, मोडक्या गाडीला पॉलिश?" मेकॅनिक म्हणाला.

"मामांची कागदं राहिलीत," मी म्हणालो, आणि आत वाकून पेडल घासून कोरडं केलं. घाईत बाटली सांडली. त्यानं विचारलं असतं तर मी सगळं सांगून टाकलं असतं. त्यानं विचारलं नाही.

दवाखान्यात मामी भिंतीकडं तोंड करून निजल्या होत्या. "म्हातारं झालाय, कबूल करा की," एवढंच त्या म्हणाल्या. मामा स्वतःच्या उजव्या पायाकडं बघत बसले होते. त्यांच्या मुलानं गाडीची किल्ली काढून घेतली होती. मामींच्या बोलण्याला मीही मान हलवली. ओल्या चपलेनंच मामांचा पाय घसरला असेल, असं मी स्वतःला पुढं कितीतरी वर्षं सांगत आलो. पण माझीही चप्पल त्या सकाळी ओलीच होती, आणि आधी ती कधी घसरली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात धीर करून गडमुडशिंगीला गेलो. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं. मामा सोप्यात खुर्चीवर होते. पायापुढं एक लाकडी फळी, तिच्याखाली स्प्रिंग. तिच्यावर उजवा पाय ठेवायचे, ब्रेकसारखी दाबायचे, सोडायचे.

"रोज शंभर येळा," ते म्हणाले. "बघा की मिस्त्री, आता घसरत न्हाय."

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. पोरानं पाटी वाचून दाखवावी आणि मास्तरांकडं बघावं तसे.

"व्हय," मी म्हणालो. "न्हाय घसरत."

चहा घेतला आणि उठलो. श्रावणात मामा गेले.

वाटेत घोकलेलं ते असं होतं: मामा, तुमचा पाय चुकला नव्हता. पेडलला पॉलिश मी लावलं, कळल्यावर लगेच फोन मी केला नाही, आणि पुसून टाकलं तेही मीच. मला माफ करा.