साडीच्या दुकानासमोरचा थांबा

"तुमच्या उजव्या मांडीतली मुख्य रक्तवाहिनी पूर्ण बंद आहे," ठाण्याचे डॉक्टर म्हणाले. "टोटल ऑक्लूजन. म्हणजे त्या वाटेने थेंबभर रक्तही पुढे जात नाही."

मी टेलिफोन खात्यात केबल जोडणारा. जन्मभर लोकांचे फॉल्ट शोधले, स्वतःचा तेवढा सापडला नाही.

कोपर स्टेशनवरून घरी येताना दोनशे पावलांवर पोटरीत गोळा यायचा, थांबलं की जायचा. याला क्लॉडिकेशन म्हणतात, म्हणजे चालताना पायाला रक्त कमी पडणं. रस्त्यात उगाच थांबायची लाज वाटे, म्हणून मी साडीच्या दुकानासमोर काचेतल्या साड्या बघत उभा राहायचो. वात समजून तेल चोळलं आणि वर विड्या ओढल्या. तुम्ही हा गाढवपणा करू नका.

पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती काळी पडली तेव्हा कुठे डॉक्टर गाठला. अँजिओप्लास्टी, म्हणजे तारेवरून फुगा नेऊन रक्तवाहिनी उघडणं, एकदा फसली. तार वाट अडवणाऱ्या गुठळीत शिरेना, रक्तवाहिनीच्या भिंतीतच घुसायची. बायपास जमणार नव्हता. "रस्ता मिळाला नाही तर पाय कापावा लागेल," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. माझी बायको सुलभा रडली. मी मात्र ठरवलं, घरी जाईन तो दोन पायांवर. विडीचं बंडल त्याच दिवशी गटारात टाकलं.

मुंबईच्या एका रुग्णालयात नवी तार आली होती, तिथे दाखल झालो. तिच्या टोकातून प्रकाश जातो, आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून पुढे गुठळी आहे की भिंत, ते कळतं. हे ऐकताच मी खाटेवर ताडकन उठून बसलो. "अहो, काचेच्या केबलचा फॉल्ट आम्ही असाच शोधतो!"

"मग आज तुम्ही आमचे सुपरवायझर," तिथले डॉक्टर हसले.

जांघेपुरती भूल दिली होती, मी जागाच होतो. पडद्यावर हिरवं आलं की तार पुढे, लाल आलं की थांबून वळवायची. पहिला तासभर लालच लाल. खोटं कशाला बोलू, घाबरलो होतो. मग हिरवं, पुन्हा लाल, पुन्हा हिरवं.

"पार झाली," डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी तळव्याला ऊब आली. त्या माणसांचे उपकार मी या पायावर वागवतो.

महिन्याभराने सुलभा आणि मी कोपरला उतरलो. गप्पांच्या नादात साडीचं दुकान कधी मागे पडलं, कळलंच नाही. वळून पाहिलं तर सुलभा तिथेच थांबली होती.

"शेजारणी सांगायच्या, तुम्ही रोज इथे उभे असता म्हणून. मला वाटायचं, माझ्यासाठी बघताय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत फिरलो. दुकानाला पाच पायऱ्या होत्या. त्या एका दमात चढलो आणि म्हणालो, "ती काचेतली निळी दाखवा."