मागच्या गाडीतला रेडिओ

भोंग्याला भोंगा हे नाव पडलं ते त्याच्या गाडीमुळे. गाडी म्हणजे कारखान्यातल्या बायकांची ने-आण करणारी एक जुनी व्हॅन. तिचा दरवाजा लावला की शेजारची गाडी दचकायची. पण स्पीकर? स्पीकर मात्र झकास! आधीच्या मालकाने हौसेने मागच्या बाकाखाली बसवलेले, एकेक ताटाएवढा. अडचण एकच, वाजवायचं काय आणि कशावर? टेपने कधीच मान टाकली होती आणि रेडिओवर निम्म्या जाहिराती. गाणी सगळी भोंग्याच्या फोनमध्ये, आणि त्या गाडीच्या खडखडाटात फोन बिचारा कोणाला ऐकू जाणार?

नवी सिस्टिम बसवणं त्याच्या ऐपतीबाहेरचं. शेवटी बाजारात फुटपाथवर त्याला बोटाएवढं एक यंत्र सापडलं. सिगारेट लायटरच्या भोकात ते खुपसायचं, त्याची वायर फोनला जोडायची आणि रेडिओ अशा स्टेशनवर न्यायचा जिथे कोणीच नाही, नुसती खरखर आहे. त्या खरखरीच्या जागी फोनमधलं गाणं येऊन बसतं. भोंग्याने बायकोला खाली बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, एवढा आनंद लग्नात नव्हता दिसला तुमच्या तोंडावर.

त्याच्यामागे कारखान्याच्याच फेरीला मास्तरची व्हॅन असायची. मास्तरने शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण स्टँडवरच्या अर्ध्या लोकांना गाडी शिकवली होती. भोंग्यालाही. क्लच घाईने सोडला की मांडीवर चापट बसायची. यंत्र आल्यावर दुसऱ्याच दिवशी भोंग्याच्या ध्यानात आलं की गाड्या जवळ असल्या तर त्याचं गाणं मास्तरच्या रेडिओवरही वाजतं. झालं! एका यंत्रात दोन गाड्यांची सोय. मास्तरने रेडिओचा काटा त्या स्टेशनवर नेला तो तिथून हलवलाच नाही. रस्त्यात अंतर वाढलं की गाणं खरखरायचं, मग मास्तर जरा पाय दाबायचा. गेटवर गाड्या शेजारी लागल्या की मागच्या गाडीतल्या बायका खिडकीतून फर्माईश करायच्या आणि भोंगा मोठा तोरा मिरवत गाणं लावायचा.

एकदा गेटवर सुट्टी व्हायची वाट बघताना मास्तर त्याच्याजवळ येऊन बसला. चावीशी खेळत म्हणाला, "संध्याकाळच्या फेरीला मला समोरचं नीट दिसत नाही रे. तुझे मागचे लाल दिवे दिसतात आणि गाणं ऐकू येतं. तेवढ्यावर आणतो गाडी." डॉक्टरने मोतीबिंदू सांगितला होता. लेकीचं बाळंतपण उरकलं की ऑपरेशन करून घेतो, तोवर कोणाला बोलू नकोस, अशी त्याने गळ घातली. भोंग्याने मान हलवली.

मान हलवली खरी, पण जिवाला घोर लागला. मागची गाडी बायकांनी भरलेली, चालवणाऱ्याला दिसत नाही, उद्या काही झालं तर? हे सगळं खरंच होतं, त्याला कोणी नावं ठेवणार नाही. पण घरी मेव्हणा कामाविना बसलेला होता, हेही खरं होतं, आणि बायकोची रोज भुणभुण चालू होती, की माझ्या भावासाठी तुमच्या तोंडून एक शब्द निघत नाही. मास्तरला समोर बसवून "मास्तर, उद्यापासून चावी ठेवा" एवढं म्हणायला हवं होतं. तेवढी हिंमत झाली नाही भल्या माणसाला! त्याने कारखान्याच्या गाड्या बघणाऱ्या ठेकेदाराला फोन केला. मास्तरच्या डोळ्यांचं सांगितलं आणि त्याच दमात मेव्हण्याचं नावही घेतलं. ठेकेदार म्हणाला, बघून कळवतो.

त्याने कळवलं ते नेमकं सुट्टीच्या वेळी. गाड्या गेटवर शेजारी उभ्या होत्या. मास्तरच्या गाडीतल्या बायका बसून झाल्या होत्या, भोंग्याच्या अजून यायच्या होत्या. गाणं मध्येच थांबलं आणि फोन वाजला. वायर फोनमध्ये ढिली बसायची म्हणून भोंग्याने ती रबरबँडने आवळून ठेवलेली, त्यामुळे फोनवरचं बोलणंही तो स्पीकरवरच ऐकायचा. पण ठेकेदाराचं नाव दिसताच गडी सावध झाला. भराभर काचा वर केल्या. रेडिओचा आवाज अगदी कानापुरता केला. बाहेर चिटपाखराला ऐकू जाणार नाही अशी खात्री करून मगच फोन उचलला.

"बरं झालं तुम्ही सांगितलंत," ठेकेदार म्हणाला. "आंधळ्या माणसाच्या हाती फेरी दिली असं उद्या लोक म्हणाले असते. मास्तरला उद्यापासून नको म्हणून सांगतो. तुमच्या मेव्हण्याला सकाळी पाठवून द्या."

भोंगा हो हो म्हणाला, फोन ठेवला आणि काच खाली केली.  शेजारच्या गाडीतल्या सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. आणि मग अडकलेलं गाणं पुढे सुरू झालं. त्याच्या गाडीत कानापुरतं, मास्तरच्या गाडीत मोठ्याने.

 भोंगा धडपडत खाली उतरला. तोवर मागच्या गाडीतल्या बायका एकेक करून उतरू लागल्या होत्या. त्यांचं तरी काय चुकलं? त्या भोंग्याच्या गाडीत दाटीवाटीने बसल्या. एकीने जाता जाता मास्तरच्या खांद्याला हात लावला. मास्तरने रेडिओ बंद केला आणि चावी काढली.

"मास्तर, बायकांच्या जिवाचा प्रश्न होता," भोंगा कसंबसं म्हणाला.

"होताच. मला म्हणाला असतास तर मीच चावी ठेवली असती." मास्तरने गाडीला कुलूप घातलं. "आवाज मात्र छान आला हं आज. एकदाही खरखरला नाही." आणि तो चालत घरी गेला.

मेव्हणा आता मागची फेरी करतो. ठेकेदाराने त्याला दिलेल्या गाडीत सगळं नवं आहे, त्याला भोंग्याची गाणी लागत नाहीत. भोंगा अजून वळणावर सवयीने गाडी हळू करतो, मागच्याला गाठता यावं म्हणून. मेव्हणा हॉर्न मारतो.

मास्तरचं ऑपरेशन झालं, नातू झाला, त्याच जुन्या व्हॅनवर त्याला दुसरीकडे कामही मिळालं, असं भोंग्याला लोकांकडून कळलं. परवा पेट्रोलपंपावर रांगेत त्याच्या शेजारी ती व्हॅन येऊन थांबली.  भोंग्याने घाईघाईने मास्तरच्या आवडीचं गाणं लावलं, काच खाली केली आणि कान देऊन बसला. शेजारच्या गाडीतून काही ऐकू येईना. त्याने वाकून आत पाहिलं. रेडिओ होता तिथे खाच होती आणि त्या खाचेत काच पुसायचं फडकं कोंबलेलं होतं.

"रेडिओ काढला, मास्तर?"

मास्तरने वळून पाहिलं. नजर स्वच्छ होती. त्याने भोंग्याला नीट ओळखलं.

"हो, काढला," तो म्हणाला. "रांग सरकली बघा. तुम्ही व्हा पुढे."

जन्मात कधी मास्तर त्याला तुम्ही म्हणाला नव्हता. मागची गाडी हॉर्न वाजवत होती, तरी भोंग्याला पटकन गिअर सापडेना.