टाकीमागचा पडदा

पडदेवाल्यांना घरात कोंडून ठेवलंय, असं कुणी म्हटलं असतं तर त्यांच्या मुलाला फार लागलं असतं. "कोंडलं कुठं? काळजी घेतोय," असं तो म्हणायचा. काळजीलाही कुलूप असतं, हे पडदेवाल्यांना उतारवयात कळलं.

सकाळी मुलगा आणि सूनबाई कामाला निघाले की दाराला बाहेरून कुलूप लागे, ते संध्याकाळीच उघडे. कारण एवढंच, की एकदा पडदेवाले पेपर आणायला उतरले आणि परत येताना शेजारच्या इमारतीत चढून भलत्याच दाराची बेल वाजवत राहिले. दोन्ही इमारतींचा रंग एक, जिने एकसारखे, दारंही तशीच. त्यात त्या बिचाऱ्यांचा काय गुन्हा? पण मुलाने डोक्यात घेतलं ते घेतलंच, की बाबांचं आता काही खरं नाही.

उभी हयात त्यांनी फोटो स्टुडिओंचे पडदे रंगवले होते. बागा, कमानी, धबधबे, दुधाळ चंद्र. ज्यांनी जन्मात डोंगर पाहिला नव्हता, त्यांना यांनी डोंगरासमोर उभं केलं. पुढे स्टुडिओ बंद पडले, पडदे कुठे गेले कोण जाणे, पडदेवाले हे नाव तेवढं चिकटून राहिलं.

अशात सूनबाईने माशांसाठी काचेची टाकी आणली. मासे तात्पुरते बादलीत होते. टाकीच्या मागे लावायला दुकानदाराने छापील चित्राची गुंडाळी दिली होती, त्यात लाल, पिवळ्या, जांभळ्या पोवळ्यांची नुसती जत्रा. पडदेवाल्यांनी ती उलगडली आणि नाक मुरडलं.

"सूनबाई, मासे केशरी आणि मागे हा लालभडक गोंधळ? मासे शोधावे लागतील. पडद्यापुढचा माणूस उठून दिसला पाहिजे, पडदा नव्हे."

"मग बाबा, तुम्हीच रंगवा ना! मागच्या काचेला, बाहेरच्या बाजूने. म्हणजे पाण्याला रंग लागायचा नाही."

"जमेल त्यांना?" मुलाने बायकोला विचारलं. बाबा समोर बसलेले असताना!

पडदेवाल्यांचा पारा चढला, पण त्यांनी तो गिळला. "नीट जमलं, तर मला दाराची किल्ली देशील?"

मुलगा हसला. "आधी होऊ तर द्या."

दुसऱ्या दिवशी कुलूप लागल्यावर त्यांनी रिकामी टाकी फिरवून तिची पाठ स्वतःकडे घेतली आणि बैठक मारली. आधी निळा रंग, वर फिका आणि खाली गडद. तो सुकल्यावर करडे गोटे. सगळ्यात शेवटी लांब, हिरवं, डुलणारं गवत. एरवी चहाचा कप धरताना थरथरणारा हात ब्रश धरल्यावर गपगुमान चालला. दारावर कुलूप आहे, हे त्या दिवशी त्यांना आठवलंही नाही.

संध्याकाळी मुलाने टाकी सरळ केली. समोरून नुसता निळा रंग. ना गोटे, ना गवत.

कापडावर आधी आभाळ रंगवायचं, मग डोंगर, शेवटी जवळची झाडं. काचेचं गणित उलटं. बघणारा पलीकडून बघणार, म्हणून जवळचं आधी आणि आभाळ शेवटी. ज्याने कधी पडदा रंगवला नाही, त्याच्या हातून ही चूक झालीच नसती.

"अरे, विसरलो नाही रे मी! सवयीने झालं. हाताला वळणच तसं आहे!"

"हो बाबा. राहू द्या. निळाही छान दिसतो." मुलगा रागावला असता तर बरं झालं असतं. तो लहान मुलाशी बोलावं तसं बोलला आणि त्याने बायकोकडे बघितलं. ते बघणं पडदेवाल्यांचं काळीज चिरत गेलं.

सकाळी ते हट्टाला पेटले. ब्लेड घरच्यांनी कधीच लपवलं होतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या उलथन्याने त्यांनी सगळा रंग खरवडून काढला. मग गवताचं एकेक पातं काढलं, त्यावर गोटे, आणि शेवटी सगळ्यावर निळा हात फिरवला. दर थराला उठून समोरून बघून आले. कंबर मोडायची वेळ आली, पण पठ्ठ्याने सोडलं नाही.

त्या संध्याकाळी पाणी भरून मासे सोडले आणि मुलगा बघतच राहिला. गवतापुढे केशरी मासे दिवे लावल्यासारखे उठून दिसत होते.

"बाबा, मानलं तुम्हाला! हाताला तोड नाही!"

जेवणं झाल्यावर पडदेवाल्यांनी विचारलं, "मग किल्ली?"

"किल्ली कशाला आता?" मुलगा अगदी मनापासून खूश होता. "ऑफिसात फोटो पाठवला, तिघांना अशीच टाकी हवीय. मी घरीच आणून देतो. दिवसभर मस्त वेळ जाईल. बाहेर जाऊन करायचंय काय?"

सूनबाई म्हणाली, "अहो, पण किल्लीचं तुम्ही..." त्याने हातानेच तिला थांबवलं. पडदेवाले करायला गेले एक आणि झालं भलतंच. वेडे ठरले तरी आत, शहाणे ठरले तरी आतच.

दोन दिवसांनी सकाळी तीन रिकाम्या टाक्या मांडून, रंगांचे डबे ठेवून मुलगा गेला. बाहेर कुलूप वाजलं. पडदेवाले उठले, दारापाशी गेले आणि त्यांनी आतून कडी घातली.

संध्याकाळी कुलूप उघडलं, पण दार हलेना. "बाबा? बाबा, कडी का घातलीत? उघडा!" मुलाचा आवाज घाबरलेला होता.

"थांब जरा," पडदेवाले आतून म्हणाले. "हात रंगाचे आहेत."

ते खुर्चीत बसले होते. हात स्वच्छ होते आणि टाक्या तशाच कोऱ्या.