सतराचा पाढा आणि मागचं चाक

गल्लीत सगळे त्यांना काका म्हणत आणि त्यांच्या बायकोला बाई. बाईंची उभी हयात प्राथमिक शाळेत पाढे घेण्यात गेली होती, त्यामुळे घरातही त्यांना बाईच म्हणायची सवय पडली होती. काकाही बाईच म्हणत. काकांनी स्वतः जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. ते कामच असं, की माणूस दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत एकटा उभा राहतो आणि बोललाच तर दोरखंडाशी बोलतो. त्यामुळे असेल, समोर कुणी येऊन बसलं की काकांच्या तोंडाला कुलूप लागायचं.

त्या कुलपाची किल्ली होती त्यांची जोडसायकल. बंद पडलेल्या एका हॉटेलच्या सामानात ती त्यांना मिळाली होती: दोन सीट, चार पायडल आणि जिन्याच्या कोपऱ्यात वळवताना नाकी नऊ आणणारी लांबी. बाईंना एकटीने सायकल कधीच जमली नाही. ‘‘तोल आहे मला, रस्त्यांवर विश्वास नाही,’’ असं त्या म्हणत. रोज सकाळी दोघं कालव्याच्या कडेने फिरून येत. काका पुढे, बाई मागे. तोंड रस्त्याकडे असलं की काकांची जीभ मोकळी व्हायची. मुलीने ठरवलेला मुलगा आपल्याला पसंत आहे, हे त्यांनी याच सायकलवर सांगितलं होतं. कामावर एकदा केबल निसटली आणि ते थोडक्यात वाचले, तेही त्यांनी इथेच सांगितलं, घडल्यानंतर कितीतरी वर्षांनी.

हवा भरायचं कामही दोघांचंच. जिन्याखाली सायकल उभी करायची, काकांनी पंप मारायचा आणि बाईंनी स्टुलावर बसून पाढा म्हणायचा. पुढच्या चाकाला बाराचा. मागच्यावर भार जास्त, म्हणून त्याला सतराचा, तोही सावकाश. ‘दाहे’ झालं की पंप थांबायचा. हवेचा काटा वगैरे बघायची त्यांना कधी गरजच पडली नाही.

मग काकांचा उजवा खांदा जखडला. डॉक्टर म्हणाले, सायकल खुशाल चालवा, पंप मात्र मारू नका. आणि खाली बघून औषधं लिहिता लिहिता आणखी एक वाक्य बोलले, की हा खांदा आता पूर्वीसारखा होईल असं समजू नका. काकांनी ते वाक्य गिळलं आणि घरी येऊन ‘‘होईल म्हणाले बरा, थोडा वेळ लागेल,’’ असं सांगितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. बाईंना खरं सांगायला तर हवं होतं, पण जेवताना समोरासमोर बसून ते सांगणं काकांना ह्या जन्मी जमणारं नव्हतं. सायकलवर जमलं असतं. आणि सायकलची दोन्ही चाकं बसलेली होती.

बाईंनी दोनदा पंप मारून पाहिला. तेवढ्यानेच त्यांना धाप लागली आणि पाढा अर्ध्यात राहिला. सायकलचं दुकान उताराखाली लांब. तेवढं ते धूड ढकलत न्यायचं आणि चढावरून परत ढकलत आणायचं म्हणजे सकाळ गेलीच. रविवारी मुलगी येऊन हवा भरून द्यायची, तेव्हा तीही आपल्या सायकलवर सोबत यायची. तिच्यादेखत काकांना बोलता येईना.

शेवटी मुलगीच म्हणाली, ‘‘बाबा, छोटा कॉम्प्रेसर घ्या की घरात. हल्ली हातात मावतील एवढे मिळतात.’’

दुकानात दोघं गेले. हातात मावणारा बॅटरीवरचा होता, हवा पुरेशी झाली की आपोआप थांबणारा. बाईंनी तो उचलून पाहिला. ‘‘हाच बरा. मलासुद्धा पेलेल.’’

‘‘खेळणं आहे ते,’’ काका पुटपुटले. त्यांची नजर कोपऱ्यातल्या लाल टाकीवर गेली होती. टाकी भोपळ्याएवढी, वर मोटर, दोन काटे, उचलायला दांडा. त्यात तेल लागत नव्हतं, एवढं त्यांनी विचारून घेतलं.

‘‘आवाज किती करतो?’’ बाईंनी दुकानदाराला विचारलं.

‘‘थोडा करतो, पण काम फटाफट.’’

‘‘थोडा म्हणजे मिक्सरएवढा, की वर्गावर शिक्षक नसतात तेवढा?’’

दुकानदार हसला आणि त्याने बटण दाबलं. बाईंनी कानांवर हात ठेवले. टाकी मात्र घरी आलीच. काकांनी ती डाव्या हाताने गाडीतून उतरवली आणि उजवा हात खिशात ठेवला, म्हणजे तो दिसायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली वायर ओढली. टाकी भरेपर्यंत मोटर धडधडत राहिली. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी काय पडलं म्हणून दार उघडून पाहिलं. मग मोटर आपोआप बंद झाली आणि एकदम शांतता पसरली. काकांनी नळीचं तोंड मागच्या चाकाला लावलं. बाई सवयीने स्टुलावर बसल्या.

‘‘सतरा एके सतरा,’’ त्यांनी सुरुवात केली, आणि काकांनी खटका दाबला. ‘‘सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न.’’

हात खटक्यावर, कान पाढ्यात. इतक्या वर्षांचा हिशेब होता, ‘दाहे’ म्हणजे पुरे. पंपाला जे काम दहा ओळींत व्हायचं ते टाकीने दुसऱ्याच ओळीला उरकलं होतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

‘‘सतरा चोक...’’

धाडकन आवाज झाला. जिना हादरला, वरची तीन दारं एकदम उघडली. चाकातून फाटकी ट्यूब जिभेसारखी लोंबत होती. बाई स्टुलावरच होत्या, ओठ पुढच्या आकड्यासाठी उघडलेले.

‘‘अडुसष्ट,’’ त्या म्हणाल्या आणि हसत सुटल्या.

काकांना हसू आलं नाही. ते वर गेले, पेपर उघडून बसले आणि दिवसभर पान उलटायचं विसरले. टाकी गॅलरीत गेली, तिच्यावर जुनी चादर पडली. मुलीने टायर-ट्यूब आणून बसवून दिली, तरी काका चादरीला हात लावेनात. बाईंनी चार दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी त्यांनी चष्मा लावला, जिन्याखाली गेल्या आणि टायरच्या कडेवरची बारीक अक्षरं वाचत बसल्या.

‘‘अहो, खाली या जरा,’’ त्यांनी हाक मारली. ‘‘जन्मभर लिफ्टमध्ये पाट्या ठोकल्यात ना? सहा माणसांपेक्षा जास्त नको म्हणून?’’

‘‘मग?’’

‘‘टायरलासुद्धा पाटी असते. ही बघा. दोघं इतकी वर्षं ती न वाचताच बसत होतो.’’

काकांनी उकिडवं बसून आकडा वाचला. मग न सांगता वर गेले आणि टाकी घेऊन आले.

टाकीवर एक गोल मूठ होती. ती फिरवली की नळीतून जाणारी हवा आवरता येत होती. काकांनी तिला टायरवरच्या आकड्याच्या बऱ्याच खाली आणून ठेवलं. पण बाई स्टुलाशीच उभ्या होत्या, बसेनात.

‘‘आता काटा आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझं काय काम?’’

काका नळीशी चाळा करत राहिले. ‘‘माझा हात थांबत नाही,’’ ते चाकाकडे बघत म्हणाले. ‘‘कुणीतरी थांबवायला पाहिजे. एका ओळीला एकदा दाबतो. तू गप्प झालीस की मी काटा बघतो.’’

बाई बसल्या. ‘‘सतरा एके सतरा.’’ फुस्स. थांबले. काकांनी काटा पाहिला, मान हलवली. ‘‘सतरा दुणे चौतीस.’’ असं करत करत मूठ थोडी वर, पुन्हा एक ओळ. पाचेला चाक दगडासारखं झालं आणि बाईंनी हात वर केला, वर्गात करत तसा. शेवटी काकांनी टाकीतली उरलेली हवा सोडली, बुडाचा स्क्रू सैल करून दाबलेल्या हवेतून आत साठलेलं पाणी फडक्यावर काढलं. बाईंनी ते फडकं आनंदाने वाळत टाकलं.

कालव्याच्या कडेला ऊन अजून तिरपं होतं. चाकं कुरकुरत नव्हती. पहिलं वळण काकांनी सावकाश घेतलं. मग समोरच्या रस्त्याला सांगावं तसं म्हणाले, ‘‘डॉक्टर म्हणाले, हा खांदा आता पूर्वीसारखा व्हायचा नाही. मी तुला वेगळंच सांगितलं.’’

पायडलं तशीच फिरत होती, चारही.

‘‘माहीत आहे,’’ बाई मागून म्हणाल्या. ‘‘शर्टाची उजवी बाही आधी घालायची सवयच करून घेतलीत, तेव्हाच कळलं. म्हटलं, कधी सांगताय ते बघू.’’

‘‘मग विचारलं का नाहीस?’’

‘‘चाकं बसलेली होती ना.’’

काकांनी हँडल घट्ट धरलं. पुढे पुलाचा चढ दिसू लागला होता.

‘‘आता जोर लावा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘हातांनी नको. पायांनी.’’