खांबाच्या जागेवरचा खड्डा

दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडतो म्हणतात. खड्डेकाकांनी उभा जन्म दुसऱ्यांसाठीच खड्डे खणले आणि एकदाही पडले नाहीत. त्यांचा तो पेशाच होता. एखादी इमारत उभी राहायची असली की आधी त्या जागेत चाचणीचे खड्डे घेतात. वरचा भराव किती आहे, कठीण थर कुठे लागतो, पाणी येतं का, हे डोळ्यांनी बघून घ्यायचं आणि मगच पाया ठरवायचा. माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काका ऐन तारुण्यात घमेली उचलायला लागले होते. मिशा पिकेपर्यंत ते खड्ड्यांचे प्रमुख झाले.

शिडीने आत उतरायचं. थापीने एक बाजू तासून साफ करायची, म्हणजे थर उघडे पडतात. चिमूटभर माती ओली करून तळहातावर वळायची. वळी लांब झाली तर चिकणमाती, तुटली तर नाही. नमुने पिशव्यांत बांधायचे. आणि शेवटी निघालेली माती परत आत लोटून, थराथराने चोपून, तिथे खड्डा होता की नव्हता असं करून टाकायचं. कामगारांना ते एक नियम मात्र घसा फोडून सांगत, की खांब जिथे येणार तिथे खड्डा घ्यायचा नाही. एकदा उकरलेली जमीन कितीही चोपा, ती पूर्वीसारखी होत नाही.

काकांचं काम चोख होतं, आणि नेमकं तिथेच दुखणं होतं. काम जितकं चोख, तितकं ते दिसेनासं व्हायचं.

त्यांच्या थोरल्या साडूचं तसं नव्हतं. साडू गवंडी. दोन बहिणी वर्षाच्या अंतराने लग्न होऊन एकाच शहरात आल्या, आणि तेव्हापासून काकांच्या पायात काटा रुतला तो रुतलाच. चौघं फिरायला निघाली की साडू सहज मान वर करायचे.

"त्या शाळेचा जिना बघितला का? गोल आहे तो? आपलाच."

मग काकांची बायको त्या जिन्याकडे अशी बघायची, जणू तो आत्ताच आकाशातून उतरला. एकदा काकांनीही धीर केला. बाजारातल्या मोठ्या दुकानासमोर थांबून ते म्हणाले, "इथे, गाड्या लावतात ना, त्याच्या खाली माझा खड्डा आहे."

बायकोने गाड्यांकडे बघितलं. मग काकांकडे.

"दिसत नाही," ती म्हणाली.

साडू पोट धरून हसले. "आमचे साडूभाऊ डोंगर पोखरतात, उंदीर काढतात, आणि त्याला परत आत ठेवून डोंगर बुजवतात!"

काकाही हसले. हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण साडूंचं सगळंच त्यांना सलायचं. साडूंचे दात शाबूत होते, केस काळे होते, आणि सासूबाई त्यांना आधी चहा द्यायच्या. कप तोच, चहा तोच, फक्त आधी.

आणि आता साडू स्वतःचं घर बांधणार होते. काका दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत. तिथे बायको रोज भाजी निवडता निवडता ताईच्या घराची एकेक खिडकी उभी करायची.

"ताईच्या स्वयंपाकघराला पूर्वेकडून उजेड येणार. भाऊजींनी मुद्दाम तसं काढलंय."

"सूर्यही भाऊजींनीच काढला असेल."

"कुठे जळतंय वाटतं," बायको म्हणाली आणि उगाचच गॅसकडे बघून आली.

रविवारी साडू स्वतः आले. "साडूभाऊ, माझ्या जागेत तुमच्याच हाताने खड्डे घ्या. परका माणूस नको. तुम्ही चांगली म्हणालात की मी डोळे मिटून पाया टाकतो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा साडूंनी त्यांच्याकडे काही मागितलं होतं. काका कुदळ, पहार आणि प्रयोगशाळेतले दोन कामगार घेऊन गेले. वरकरणी मदतीला. मनात मात्र एकच होतं, की काहीतरी निघावं. मऊ चिकणमाती निघावी, जुना कचऱ्याचा भराव निघावा, निदान पाणी तरी लागावं. मग तोंड गंभीर करून म्हणता येईल, "साडूभाऊ, जमीन काही बरी नाही हो."

पहिला खड्डा मागच्या कुंपणापाशी घेतला. कमरेइतक्या खोलीवर पहार खणखणली. पिवळा, घट्ट मुरूम. दुसरा पुढच्या बाजूला. तिथेही तोच. असा मुरूम काकांनी फार थोड्या जागी पाहिला होता. माणसाचं नशीब किती खोल असावं! जमिनीच्या पोटातसुद्धा!

"झालं ना काका? बुजवायचं?" कामगारांनी विचारलं.

"हे दोन बुजवा आणि निघा. मी थोडं बघतो."

एका कोपऱ्यातलं गवत जास्त हिरवं दिसत होतं. खाली ओल असेल, एखादं जुनं डबकं बुजवलेलं असेल. त्या कोपऱ्यात साडूंनी खांबाची खुंटी ठोकली होती. काकांनी ती बघितली. कामगारांना ज्या नियमासाठी आयुष्यभर झापलं तो नियम त्यांना आठवलाही. त्यांनी खुंटी उपटून बाजूला ठेवली आणि एकट्याने खणायला घेतलं. मुरूम लागला तरी थांबले नाहीत. त्याच्या खाली काहीतरी असेल म्हणून पहारीने तोच फोडत ते डोकं बुडेपर्यंत आत गेले. खाली होता तो आणखी घट्ट मुरूम.

वर आले तेव्हा हात सोलवटले होते. रागारागात सगळी माती एकत्रच आत लोटली. चोपली नाही. वरून पायाने सारखी केली, सवयीने गवताची ढेकळं परत बसवली, खुंटी पुन्हा रोवली, आणि घरी जाताना साडूंना सांगितलं, "उत्तम जमीन आहे." ते तीन शब्द त्यांच्या तोंडून कडू औषधासारखे बाहेर पडले.

पाया खणायला घेतला त्या दिवशी दोघी बहिणी जागेवर आल्या होत्या. काकाही होते. तीन कोपरे सुरेख झाले. चौथ्या कोपऱ्यात साडूंनी पहार मारली आणि ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. पुन्हा मारली. पुन्हा तेच.

साडूंचा चेहरा पडला. एवढा मोठा माणूस एकदम म्हातारा दिसला. "इथे जुनी विहीर बुजवलेली असणार," ते हळूच म्हणाले. "विहिरीवर घर नाही बांधता येत. सगळं घर पुढे सरकवावं लागेल. मग स्वयंपाकघर रस्त्यावर येतं, ते काढावंच लागेल."

थोरली बहीण मातीच्या ढिगावर मटकन बसली.

काकांची बायको वळली. "तुम्ही तर उत्तम म्हणाला होतात!"

"त्यांना काही बोलू नकोस," साडू म्हणाले. "माणसाचा अंदाज चुकतो."

काकांना आयुष्यभर हेच तर बघायचं होतं, साडूंचा पडलेला चेहरा. तो समोर होता आणि गप्प बसलं की काम भागत होतं. चूक तर माफही झाली होती. पण अंदाज चुकला हे शब्द त्यांना गिळवेनात. त्यांच्याजवळ गोल जिना नव्हता. जमीन वाचता येते, एवढीच काय ती कमाई होती. आणि ढिगावर बसलेल्या बाईने त्यांचं काही वाकडं केलं नव्हतं.

"जरा इकडे या," म्हणत त्यांनी साडूंना कुंपणापाशी नेलं. "विहीर नाहीये. तो खड्डा मी घेतलाय."

"खांबाच्या जागी? तुम्ही?"

"हो."

"का?"

काका कुंपणाच्या तारेकडे बघत राहिले. "वाईट जमीन निघते का बघत होतो."

साडूंनी हातातली पहार कुंपणाला टेकवली. मग विचारलं, "निघाली?"

"नाही. सगळीकडे सोनं आहे."

"मग शेवटी वाईट जमीन तुम्ही स्वतःच केलीत होय!"

हे बोलताना ते हसले नाहीत. हसले असते तर काकांना सोपं गेलं असतं. त्यांनी फावडं उचलून काकांच्या हातात दिलं. "किती खोल गेला होतात ते दाखवा. सगळं उपसू आणि काँक्रीटने भरून काढू." वळून बायकांना मोठ्याने सांगितलं, "विहीर-बिहीर काही नाही. घर आहे तिथेच राहणार!"

दोघांनी संध्याकाळपर्यंत तो खड्डा उपसला. काका आत, साडू वर घमेलं ओढायला.

घरी आल्यावर बायकोने पाणी दिलं आणि समोर बसली. "त्या कोपऱ्यात एवढं काँक्रीट कशाला, असं मी भाऊजींना विचारलं. तर म्हणाले, तुझ्या नवऱ्याला विचार."

म्हणजे साडूंनी सांगितलं नव्हतं. सांगायचं की नाही, तेही काकांवरच सोपवलं होतं. काकांनी पेला खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. हिरवं गवत, उपटलेली खुंटी, न चोपलेली माती.

ती आधी रागावली. शेवटी पेला उचलून आत जाताना म्हणाली, "काही म्हणा, भाऊजींचं मन मोठं आहे हं."

खरंच होतं ते. काकांना त्यात एक शब्दही खोडता येईना. आणि म्हणूनच दातांपेक्षा, केसांपेक्षा, त्या शाळेच्या जिन्यापेक्षाही आता तेच त्यांना जास्त सलू लागलं.