धाकटीची दाढ

दात दुखणं हे आमच्यात दुखणं धरतच नसत. ताप आला, विंचू चावला, जुलाब लागले, तर माणूस आजारी. दाताचं काय! लवंग धरायची, दोन दिवस कण्हायचं आणि कामाला लागायचं. शहापूरकडच्या शेणव्यात आमचं माहेर. माझ्या लहानपणी तिथे दात घासायला चुलीतली राख, नाहीतर करंजाची काडी. काडी चावून चावून तिचा कुंचला करायचा, घासायचं, मग ती मधोमध चिरून जीभ खरवडायची. आई होती तोवर आम्हां दोघी बहिणींनी तोंड उघडून दाखवल्याशिवाय ती पेज वाढत नसे. मी दहा-अकरा वर्षांची आणि धाकटी सहाची असताना आई गेली. त्यानंतर आमच्या तोंडात कुणी डोकावलं नाही.

लग्न झालं की बाई मशेरीवर जायची. तंबाखूचं पान तव्यावर काळंठिक्कर होईस्तोवर भाजायचं, कुटायचं आणि ती भुकटी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायची. दुखणंही मरतं आणि भूकही मरते, म्हणून सासुरवाशिणीला ती फार सोयीची. मला मशेरीने गरगरायचं म्हणून मी सोडली. शहाणपणा म्हणून नव्हे, उगीच मोठेपणा कशाला घेऊ. धाकटीने मात्र चांगलीच धरली.

माझं घर शहापूरच्या पेठेत आणि धाकटीचं मुरबाडकडे, म्हशाजवळच्या एका गावात. मध्ये बैलगाडीची दीड दिवसाची वाट. तिला पहिल्यांदा दिवस गेले ते लढाईच्या वर्षांत. आई नाही, तर पहिलं बाळंतपण करायचं कोणी? मीच. पौषातली म्हशाची जत्रा उठली आणि तिच्या नवऱ्याने तिला माझ्याकडे आणून सोडलं. सातवा सरत आला होता. पोट छान दिसत होतं, पण गालफडं आत गेलेली. मी तिला कुरवाळायला जवळ घेतलं आणि तिच्या तोंडाचा असा भपकारा आला की माझा हात तिथेच थांबला.

"तोंड उघड," मी म्हटलं.

"काय नाय गो. दाढ आहे जराशी."

"उघड म्हणते ना!"

जराशी म्हणे! खालच्या बाजूची मागची दाढ अर्धी फुटलेली, तिच्या भोकात मशेरी दडपून भरलेली, आणि हिरडी जांभळासारखी काळी-निळी. दिवाळीपासून दुखत होती. सांगितलं का नाही कुणाला, तर म्हणाली, "सांगून काय? पोरामागं एक दात जातोच म्हणतात सासूबाई." मी तिला अद्वातद्वा बोलले. अगं मेले, तोंड कुजतंय तुझं, त्याच तोंडाने दोन जिवांचं खातेस ना! ती रडली नाही, हसली. तिची ही सवयच होती, मी चिडले की हसायचं.

दुसऱ्या दिवशी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर कमी बोलणारे, पण माणूस सरळ. त्यांनी आरसा धरून दाढ पाहिली, गळ्याखाली बोटं दाबून पाहिली आणि म्हणाले, "बाई, ही आजच काढू. अजून तोंड उघडतंय. पू खाली गळ्यात उतरला, तर मग हे माझ्या हातात राहायचं नाही."

धाकटी खुर्चीवरून उठलीच. "नाय. सासूबाईंना इचारल्याबिगर नाय."

तिच्या सासरी एक रीत होती. पोटुशी बाईच्या अंगाला लोखंड लावायचं नाही. पाचव्या महिन्यापासून तिला विळीवर बसू दिलं नव्हतं, सुई हातात दिली नव्हती, केळफूलसुद्धा दुसरीने चिरायचं. आणि इथे डॉक्टरांच्या ताटलीत तर लोखंडाची सांडशीच होती. मी परोपरीने सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. ती पोटावर दोन्ही हात घट्ट धरून उभी. शेवटी डॉक्टरांनी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या आणि म्हणाले, "विचारायचं तर लवकर विचारा."

आमचे हे त्याच दिवशी गाडी जुंपून मुरबाडकडे गेले. जायला दीड दिवस, यायला दीड दिवस. मी तासातासाला गुळण्या करवत होते, हळद-मीठ लावत होते, मशेरीची डबी उकिरड्यात फेकली होती. गालाची सूज बोरापासून लिंबाएवढी झाली. तिसऱ्या दिवशी तिचं तोंड दोन बोटंच उघडायला लागलं. मी दारात उभी राहून वाट बघत होते की हे येतील आणि म्हणतील, हो म्हणाल्या, काढा.

हे आले. पण गाडीत त्यांच्यामागे एक बाई बसलेली.

"त्या नाही म्हणाल्या," ह्यांनी मान खाली घालून सांगितलं. "हिला पाठवलीय. कीड झाडते."

ही बाई म्हशाच्या जत्रेत बसायची आणि मग गावोगाव फिरायची. दाढेत किडा असतो, तो आतून पोखरतो, धुरी दिली की बाहेर पडतो, असं सगळे मानत. मीही मानत होते. आई होती तेव्हा शेणव्यातही अशी एक यायची. बाईने परातीत पाणी घातलं, मध्ये दगड, दगडावर तापून लाल झालेली खापरी. खापरीवर रिंगणीच्या काटेरी झाडाचं वाळकं बी तेलात कालवून टाकलं आणि वर बूड फुटकं मडकं पालथं घातलं. त्या भोकावर धाकटीला तोंड धरायला लावलं. बी तडतडायला लागलं, धूर निघाला, तिच्या डोळ्यांतून धारा. बाई तोंडाने काहीबाही पुटपुटत होती. मडकं उचललं, तर परातीतल्या पाण्यावर बारीक बारीक, पांढरे, वळलेले किडे तरंगत होते! शेजारणींनी तोंडावर हात घेतले. धाकटीने ते बोटाने ढवळून पाहिले आणि किती दिवसांनी नीट हसली. "बघ, निघाले ना? तू उगाच घाबरवतेस." मला एवढं हलकं वाटलं की मी त्या बाईला नवं लुगडं दिलं. डोंबल माझं! रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मान आणि हनुवटी एक झाली होती. जीभ वर उचललेली, तोंडातून लाळ गळत होती, ती गिळता येईना. अंग तव्यासारखं तापलेलं. दाताला दात लागले होते, मध्ये करंगळी जाईल एवढीच फट. "किडे तर निघाले," ती दातांतून म्हणत होती, "मग आता काय?"

राहिला असेल एखादा किडा, असं मला खरंच वाटलं. ती बाई निघून गेली होती, पण थोडं बी पानात बांधून ठेवून गेली होती, लागलं तर असू दे म्हणून. मी परात घेतली, खापरी तापवली, बी टाकलं. मडकं पालथं घातलं आणि धाकटीला उठवायला आत गेले. ती उठू शकली नाही. तिला सावरून, उशी देऊन मी बाहेर आले, तोवर खापरी गार होत आली होती. मडकं उचललं. पाण्यावर किडे तरंगत होते. तसेच पांढरे, तसेच वळलेले. आणि त्या भोकावर कुणाचंच तोंड नव्हतं.

मी एक किडा बोटावर घेतला, नखाने चिरला. बियातला कोंब होता तो. खापरीवर बी फुटत होतं आणि आतला कोंब उडून पाण्यात पडत होता. बस्स. एवढंच. मी परात अंगणात भिरकावली. रागाने मला रडूही येईना. त्या बाईचा राग, सासूचा राग, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा, कारण डॉक्टर समोर बसलेले असताना मी चार दिवस सासूच्या होकाराच्या आणि एका मडक्याच्या भरवशावर घालवले होते.

ह्यांनी आणि शेजाऱ्याने तिला खाटेवर घालून दवाखान्यात नेलं. आता सासूला विचारायला मी कुणाला पाठवलं नाही. विचारणार होते तरी काय?

डॉक्टरांनी आधी गळा पाहिला. मग तिच्या पोटावर लाकडी नळी टेकवून कान लावला. इकडे लावला, तिकडे लावला. फार वेळ. मग मला ओटीवर बोलावलं.

"मूल गेलेलं आहे," ते म्हणाले. "तापाने असेल, विषाने असेल. आजचं नाही, काल गेलं असावं. आता आईपुरतं बघायचं आहे. ही सूज अजून खाली गेली तर श्वास कोंडेल. गुंगी देता येणार नाही. मला गळ्याखालून चीर द्यावी लागेल आणि ती दाढ काढावी लागेल. तोंड तिने स्वतः जोर लावून उघडलं तर उघडेल, मी ओढून उघडू शकत नाही."

"तिला सांगू?"

"ताप उतरेपर्यंत नको. तिच्या अंगात तेवढी ताकद नाही."

मी आत गेले. धाकटीने डोळ्यांनीच विचारलं. तिने तो लाकडी नळीचा प्रकार पाहिला होता. माझा हात ओढून पोटावर ठेवला आणि दातांतून म्हणाली, "कालपासनं हालत नाय गो."

डॉक्टर लाकडाची पाचर घेऊन उभे होते. तिने ओठ आवळून घेतले आणि मान फिरवली. लोखंड नको, लोखंड नको. तिचा श्वास घरघरत होता. मी तिच्या कपाळावर हात ठेवला.

"अगं, झोपलंय ते," मी म्हटलं. "डॉक्टरांनी आत्ताच ऐकलं. चांगलं आहे बाळ. तू तोंड उघडलंस तर तूही राहशील आणि तेही राहील. उघड, माझी बाय ती."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. कसं उघडलं तिचं तिला माहीत. जबड्याचा आवाज मी ऐकला. पाचर बसली, मग बाकीचं झालं. वाडगाभर पू निघाला, आणि ती दाढ दोन तुकड्यांत.

धाकटी जगली. तिसऱ्या दिवशी मूल झालं, मुलगा होता. मी त्याला तिच्या नजरेआड कापडात गुंडाळलं आणि ह्यांच्या हाती दिलं. ती विचारत राहिली, मी रडत राहिले. ते आधीच गेलं होतं, हे तेव्हाच सांगायचं होतं. पण ताप पुरता उतरला नव्हता, डॉक्टरांचा शब्द होता, आणि खरं सांगायचं तर माझी छातीच होईना.

सासू आली ती आठव्या दिवशी, धाकटीला घरी आणल्यावर. दारातच बसली आणि कपाळ बडवून घेतलं. "लोखंड लावलंत! मी नाय म्हणून सांगितलं होतं. माझ्या घरचा दिवा इझवलात!" ती काय काय बोलली ते मी ऐकून घेतलं असतं. पण धाकटी आतून ऐकत होती, गळ्याला पट्टी बांधलेली, भिंतीला टेकून बसलेली, आणि तिचे डोळे हळूहळू माझ्याकडे वळत होते. ते मला सहन झालं नाही.

"लोखंडाने नाही गेलं ते!" मी ओरडले. "आधीच गेलं होतं. दवाखान्यात नेलं तेव्हाच गेलेलं होतं. डॉक्टर गावातच आहेत, चला, विचारा त्यांना!"

"आता बोलते," सासू म्हणाली. "आता काय, काय पन बोलशील."

मी सासूकडे पाहिलंही नाही. मी धाकटीपुढे जाऊन बसले, तिचे पाय धरले, दाताच्या कण्या केल्या. तू चल डॉक्टरांकडे, त्यांच्या तोंडून ऐक. मी तुझी आई झाले ना गो? मी खोटं कशाला सांगेन तुला?

तिचा जबडा अजून धड हलत नव्हता. एकेक शब्द सुटा सुटा करून ती म्हणाली, "तूच म्हनालीस ना, बाळ झोपलंय. म्हनून मी तोंड उघडलं."

तिने माझ्या हातांतून पाय सोडवून घेतले. ती भिंतीला धरून उठली आणि सासूच्या मागून जाऊन गाडीत बसली.